भोवऱ्याचे टोक आणि टेलस्टॉकचे सेंटर

(इंदूर येथील लालबागेत, लाकूड कातणाऱ्या कारागिरांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



होळकर संस्थानाच्या वैभवाची साक्ष म्हणून ही लालबाग सर्वांच्या परिचयाची आहे. १८८६ मध्ये सुरू झालेले येथील राजवाड्याचे काम टप्प्याटप्प्याने चालत १९२१ मध्ये, तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकीर्दीत, पूर्ण झाले. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांच्या धर्तीवर इंग्लंडात ओतवून घेतलेली फाटके जहाजाने मुंबईस आणून येथे उभी करण्यात आली. त्या काळी उत्तम कारागिरी म्हटली की ती सातासमुद्रापलीकडून यावी, अशीच संस्थानिकांची समजूत होती. आज त्याच वाड्याच्या आवारात मालवा उत्सवासारखे मेळे भरतात आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले कारागीर जमिनीवर सतरंजी अंथरून आपला माल मांडतात. फाटके विलायती राहिली, पण त्यांच्या आत मान मिळतो तो देशी हाताला, हा बदल थोडाथोडका नव्हे.

अशा मेळ्यात सीहोर जिल्ह्यातील बुधनीची लाखकामाची खेळणी आणि सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी भातुकली शेजारीशेजारी मांडली, तर घेणाऱ्याचे लक्ष प्रथम रंगाकडे जाते. शहाणे गिऱ्हाईक मात्र रंगावर थांबत नाही. ते भोवरा उचलते आणि उलटा करून त्याचे टोक पाहते. टोकाभोवती काळसर जळका वण आहे काय, लाकूड चिरले आहे काय, लोखंडी आर सरळ बसली आहे काय, हे एका दृष्टिक्षेपात कळते. आर केसभर जरी बाजूला गेली तरी भोवरा एका जागी घुमत नाही; तो डुलतो, भरकटतो आणि आडवा होतो. मूल दुकानात काही बोलत नाही, पण पुन्हा त्या दुकानाकडे वळत नाही.

भोवऱ्याच्या अंगाखांद्यावर कारागिराने कितीही मेहनत घेतली असली, तरी त्याची खरी परीक्षा टोकाशी होते, आणि लेथवर काम चालू असताना हे टोक ज्या ठिकाणी टेकलेले असते ते ठिकाण म्हणजे टेलस्टॉकचे सेंटर होय. हा लोखंडाचा वीतभर तुकडा. यंत्राच्या किमतीच्या मानाने त्याची किंमत किरकोळ. त्यामुळे तो निवडताना कोणी फारसा विचार करीत नाही. यंत्राबरोबर जो आला तो लावला, असेच बहुधा घडते. आजचे विवेचन या एका तुकड्यापुरतेच आहे.

मराठीत ज्यास कातारी म्हणतात त्यास माळव्यात खरादी म्हणतात. नाव वेगळे, काम एकच. पूर्वीचा कातारी जमिनीवर बसून काम करी. दोन खुंटांना दोन लोखंडी टोके, त्यांमध्ये लाकडाचा ठोकळा, ठोकळ्याला वेढा घातलेली दोरी आणि ती ओढणारी कमान किंवा ती दोरी ओढणारा दुसरा माणूस, एवढेच त्याचे यंत्र. ही रचना फार जुनी आहे. इजिप्तमधील पेटोसिरिस याच्या थडग्यात इ. स. पूर्व ३०० च्या सुमाराचे एक चित्र असून त्यात दोन माणसे याच पद्धतीने काम करताना दिसतात. या यंत्रात दोन्ही टोके अचल असत. लाकूड त्यांवर घासत फिरे. मात्र ते काही फेरे पुढे आणि तितकेच फेरे मागे असे फिरत असल्यामुळे, आणि वेगही बेताचा असल्यामुळे, घर्षणाची उष्णता मर्यादेत राही. तेलाचा थेंब किंवा मेणाचा खडा लावला की काम भागे.

विजेची मोटर आली आणि ही परिस्थिती पालटली. लाकूड एकाच दिशेने, अखंड आणि मिनिटाला हजार-दोन हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरू लागले. अचल टोकाशी तेल सुकते, लाकूड करपते, भोक मोठे होत जाते आणि काम सैल पडून थरथरते. टोकावरचा काळा वण तो हाच. यावर उपाय म्हणून फिरते सेंटर, म्हणजे कारखान्यांतून ज्यास रिव्हॉल्विंग सेंटर म्हणतात ते, प्रचारात आले. त्याचा शंकूच्या आकाराचा मागचा दांडा टेलस्टॉकमध्ये घट्ट बसतो, मधल्या घरात बेअरिंगे असतात आणि पुढचे टोक लाकडाबरोबरच फिरते. घर्षण लाकडाशी न होता बेअरिंगच्या आत होते. जळण्याचा प्रश्न सुटला.

तथापि एक प्रश्न सुटताना दुसरा उभा राहिला.

बाजारात सहज मिळणारे फिरते सेंटर हे लोखंड कातण्यासाठी बनविलेले असते. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमात टर्नर या व्यवसायास मराठीत कातारी असेच नाव दिलेले आहे. परंतु तो कातारी धातू कातणारा असतो. नाव एक झाल्यामुळे दोघांची अवजारेही एकच असावीत असा समज होणे स्वाभाविक आहे, आणि हा समज केवळ कारागिरांचाच आहे असे नाही. लोखंड कातताना हत्यार यंत्राच्या चिमट्यात घट्ट धरलेले असते. ते बाजूने, सरळ रेषेत, स्क्रूच्या बळावर पुढे सरकते. सेंटरचे घर जाड असले तरी त्याची अडचण क्वचितच होते. उलट लोखंडाचे वजन आणि हत्याराचा दाब सोसण्यासाठी ते जाड असणेच इष्ट. लाकडाच्या कामात मात्र हत्यार माणसाच्या हातात असते. गोल पटाशी किंवा तिरकी पटाशी टूल रेस्टवर टेकून ती वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी झोके घेत फिरते आणि तिच्या लांब मुठीला हवेत मोकळी जागा लागते. ही मोकळी जागा म्हणजेच आजच्या विषयाचा गाभा होय.

भोवऱ्याचेच उदाहरण पुढे चालवू. त्याचे डोके हेडस्टॉककडे आणि टोक टेलस्टॉककडे, म्हणजे कारागिराच्या उजव्या हाताला असते. लाकूड कातण्याचा एक जुना नियम प्रत्येक कातारी जाणतो : जाड भागाकडून बारीक भागाकडे, उतारावरून खाली, असे कापीत जावे. असे केले म्हणजे प्रत्येक तंतूला खालच्या तंतूचा आधार मिळतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत निघतो. उलट चढावर कापले तर तंतू उपटले जाऊन खरखरीत वण पडतात. भोवऱ्याचा उतार टोकाकडे आहे. म्हणजे पटाशीचा प्रत्येक हात शेवटी टेलस्टॉकच्या दिशेनेच जाणार, आणि टोकाशी वळण घेताना मूठ उजवीकडे, नेमकी टेलस्टॉकच्या अंगावर झुकणार. हात अगदी नाजूक जागी पोहोचतो त्याच क्षणी पटाशीची कांब सेंटरच्या जाड घरावर टक्कन आदळते.

आकड्यांनी पाहिले तर हे अधिक स्पष्ट होईल. समजा, भोवऱ्याचे टोक ८ मि. मी. जाड राखावयाचे आहे आणि सेंटरच्या घराचा व्यास ४४ मि. मी. आहे. म्हणजे टोकाच्या पृष्ठभागापासून घराची कड १८ मि. मी. उंच उभी राहते. सेंटरचा नाकाडा घरापासून २० मि. मी. बाहेर असेल, तर टोकाच्या बाजूने हत्यार आत शिरण्यासाठी अक्षाशी सुमारे ४२ अंशांपेक्षा अधिक कोन ठेवावा लागेल. त्याहून निमुळता आकार हवा असेल तर हत्यार पोहोचणारच नाही. हाच नाकाडा ४० मि. मी. लांब असेल तर तो कोन सुमारे २४ अंशांवर येतो. आणि नाकाडा तेवढाच ठेवून घराचा व्यास कमी केला तरी फायदा होतो, कारण अडथळा उंचीचा आहे. लांबी वाढवा किंवा जाडी घटवा, जागा मिळते.

जागा मिळाली नाही तर काय होते? कारागीर टूल रेस्ट मागे घेतो, कारण रेस्टही त्या जाड घराला अडत असते. रेस्ट मागे गेली की पटाशीची धार आधारापासून दूर जाते, आणि येथे तरफेचा नियम आपला हिशेब वसूल करतो. धार रेस्टच्या पुढे १२ मि. मी. असताना हाताला जेवढा जोर लागत होता, त्याच्या तिप्पट जोर धार ३६ मि. मी. पुढे गेली की लागतो. हात दमतो, धार थरथरते, आणि एखाद्या क्षणी लाकूड पटाशीला आत खेचते. असा झटका बसला म्हणजे भोवरा तर वाया जातोच, पण बोटे आणि मनगट यांनाही इजा होण्याचा संभव असतो. वीतभर लोखंडाच्या निवडीत कारागिराच्या हाताचा प्रश्न गुंतलेला आहे तो असा.

लाखकामात तर हा प्रश्न दुहेरी होतो. लाकूड फिरत असताना लाखेची रंगीत कांडी त्यावर दाबली जाते; घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाला चिकटते. मग केवड्याच्या वाळलेल्या पानाने दाब देऊन रंग सारखा पसरविला जातो आणि त्यावर चकाकी येते. कांडी आणि पान ही दोन्ही हाताने, अगदी जवळून धरावी लागतात. टोकाच्या शेवटच्या चार-पाच मिलिमीटरांवर लाख नीट पोहोचली नाही, तर रंगाच्या खाली कोरे लाकूड डोकावते आणि हाताळता हाताळता तेथूनच पापुद्रा सुटू लागतो. सेंटरचे घर बोटांना अडत असले तर कारागीर हा भाग हटकून टाळतो. त्याचा दोष नाही.

मग सेंटर कसे असावे? पहिली गोष्ट नाकाड्याची. तो बारीक, लांबट आणि पुढे निमुळता होत गेलेला असावा. बाजारात लांब नाकाचे किंवा बारीक नाकाचे म्हणून जे प्रकार मिळतात ते पाहावेत. काही सेंटरांना टोके बदलण्याची सोय असते. एकाच घरात कधी साधे टोक, कधी वाटीसारखे, कधी मोठा शंकू असे बसविता येते. ज्याचे काम विविध आहे, म्हणजे ज्याला सकाळी लाटणी आणि दुपारी बुद्धिबळातील प्यादी कातावयाची आहेत, त्याला हा प्रकार सोयीचा. ज्याचा भोवऱ्यांचाच धंदा आहे त्याने एकच चांगले, एकसंध सेंटर घ्यावे. जोड जितके कमी तितकी डळमळ कमी.

दुसरी गोष्ट टोकाच्या कोनाची, आणि येथे लोखंडकामाची सवय विशेष घातक ठरते. धातूसाठीच्या सेंटरचे टोक सामान्यतः ६० अंशांचे असते. लोखंडात अगोदर त्याच मापाचे भोक पाडलेले असल्याने ते तेथे शोभते. लाकडात तेच टोक दाबले की ते पाचरीचे काम करते. ठोकळा जाड असेल तर चालून जाते, पण टोक ८-१० मि. मी. वर आले की तंतूंच्या दिशेने चीर पडते. पुष्कळदा ती चीर त्या वेळी दिसतही नाही. आर ठोकताना मात्र लाकूड उकलते आणि तयार, रंगविलेला भोवरा हातात दोन तुकडे होऊन येतो. यासाठी लाकडाला वाटीचे सेंटर अधिक चांगले. त्याच्या मध्यभागी लहानसे टोक असते आणि भोवती धारदार कड्याची वाटी. कडे लाकडात किंचित रुतते, दाब चहूकडे वाटला जातो आणि तंतूंना बाहेर फाकू देत नाही. मधले टोक बरोबर अक्षावर बारीकसे भोक ठेवून जाते. तेच भोक आरीला वाट दाखविते. सेंटर खरे फिरत असेल तर आर आपोआप सरळ बसते.

अर्थात वाटी टोकाच्या मानानेच असली पाहिजे. २० मि. मी. ची वाटी आणि ८ मि. मी. चे टोक यांचा मेळ बसणार नाही. मोकळी जागा मिळविण्याच्या हेतूवरच पाणी पडेल.

तिसरी गोष्ट मागच्या दांड्याची. लेथच्या टेलस्टॉकमध्ये जे शंकूच्या आकाराचे भोक असते त्यास मोर्स टेपर म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील स्टीफन मोर्स या अमेरिकन यंत्रकाराचे ते नाव. हा उतार साधारणपणे २० ला १ असा असल्यामुळे दांडा केवळ घर्षणाने घट्ट पकडला जातो, स्क्रू लागत नाही. टेपरला क्रमांक असतात. एक नंबरचे मोठ्या बाजूचे माप १२.०६५ मि. मी., दोन नंबरचे १७.७८० मि. मी., तीन नंबरचे २३.८२५ मि. मी. लाकडाच्या लहान लेथवर बहुधा एक किंवा दोन नंबर आढळतो. खरेदीस जाताना जुने सेंटर बरोबर नेणे हा सर्वांत सोपा मार्ग. मोठ्या भोकात लहान दांडा बसविण्यासाठी मधली टोपी मिळते आणि ती चालते. याच्या उलट करणे मात्र फलदायी नाही. भोकातील भुसा, लाखेचे कण आणि तेल कापडाने पुसून मगच सेंटर बसवावे. एक कण मध्ये राहिला तर उत्तम सेंटरही वाकडे फिरते, आणि दोष मात्र दुकानदाराच्या माथी येतो.

चौथी गोष्ट आतली, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. टेलस्टॉकचे चक्र फिरविले की सेंटरवर लांबीच्या दिशेने दाब येतो. सर्वच बेअरिंगे असा दाब सोसणारी नसतात. त्यासाठी निमुळत्या रोलरची किंवा तशाच जातीची बेअरिंगे लागतात. दुकानात उघडून पाहता येणार नाही हे खरे, पण हाताला पुष्कळ कळते. दांडा एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हाताने टोक आडवे हलवून पाहावे. जराही खडखड लागली तर ते परत ठेवावे. टोक बोटाने सावकाश फिरवावे. ते मध्येच अडखळले तर आत कचरा किंवा दोष आहे. घरी आणल्यावर लेथवर बसवून टोकाजवळ पेन्सिलीचे अग्र धरावे आणि टोक हाताने एक पूर्ण फेरा फिरवावे. अग्र व टोक यांमधील फट सर्वत्र सारखी राहिली तर समाधान मानण्यास हरकत नाही.

आता दुसरी बाजू. लांब नाकाचे सेंटर चांगले, म्हणून जितके लांब तितके चांगले, असे कोणी समजू नये. एका बाजूने धरलेल्या दांड्याची लांबी दुप्पट झाली तर तेवढ्याच जोराने तो आठपट वाकतो. त्याची जाडी निम्मी केली तर सोळापट वाकतो. म्हणजे लांबी आणि बारीकपणा या दोन्ही गोष्टी मोकळी जागा देतात, पण ताठपणाच्या मोबदल्यात. भोवऱ्यासारख्या हलक्या कामाला हा मोबदला परवडतो. पाळण्याचे खूर, खाटेचे गाते, जिन्याचे कठड्याचे दांडे अशा जड कामाला परवडत नाही; तेथे जाड, आखूड सेंटरच ठेवावे, आणि तेथे जागेची अडचणही फारशी येत नाही. एकाच लेथसाठी दोन सेंटरे बाळगणे ही चैन नाही. सुतार एका पटाशीवर सारी कामे करीत नाही.

खरेदीपूर्वी आणखी एक पाहावे. पुष्कळदा अडथळा सेंटरचा नसून टूल रेस्टचा असतो. यंत्राबरोबर आलेली रेस्ट हातभर लांब असते. तिचे उजवे टोक टेलस्टॉकला अडते आणि त्यामुळे ती कामाजवळ येऊ शकत नाही. १०० किंवा १५० मि. मी. ची आखूड रेस्ट गावातल्या लोहाराकडूनही करून घेता येते. त्याचप्रमाणे टेलस्टॉकमधील पुढेमागे सरकणारा दांडा चक्र फिरवून थोडा अधिक बाहेर काढला, तर टेलस्टॉकचा भला मोठा देह आपोआप मागे राहतो. हा दांडा फार बाहेर काढला तर तो हलू लागतो, म्हणून त्यास मर्यादा आहे. पण ही युक्ती पैसा मागत नाही.

अशीच एक बिनखर्ची युक्ती कातारी लोकांत चालत आलेली आहे. शिसवासारख्या टणक लाकडाचा लहानसा निमुळता तुकडा कातावा, त्याच्या जाड बाजूला सेंटरच्या टोकाच्या आकाराचे भोक पाडावे आणि तो सेंटरवर टोपीसारखा चढवावा. त्याचे बारीक अग्र कामावर टेकते. लाकडावर लाकूड टेकल्याने वण पडत नाही, पटाशी चुकून लागली तरी धार बोथट होत नाही, आणि नाकाडा हवा तेवढा लांब मिळतो. झिजला की पाच मिनिटांत दुसरा. ज्या कामात टोकाला भोक नको आहे, उदाहरणार्थ भातुकलीतील झाकणाची गाठ, तेथे तर ही टोपी विकतच्या सेंटरपेक्षाही सरस.

या सर्वांवर एक सोपे उत्तर दिले जाते, ते म्हणजे टोकाकडे जास्त लाकूड सोडावे. दोन-तीन सेंटिमीटर वाढीव भाग ठेवला की खरे टोक सेंटरपासून दूर राहते आणि हत्याराला जागा मिळते. काम संपल्यावर वाढीव भाग कापून टाकता येतो. उत्तर खोटे नाही, पण महाग आहे. ६० मि. मी. च्या भोवऱ्याला २० मि. मी. चा वाढीव भाग ठेवला, तर लागलेल्या लाकडाचा चौथा हिस्सा कचऱ्यात गेला. शंभर भोवऱ्यांमागे दोन मीटर लाकूड. बुधनीत खेळण्यांसाठी दुधी वापरतात; महाराष्ट्रात त्याच झाडाला काळा कुडा म्हणतात आणि कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणीही त्याचीच. पांढरे, बारीक पोताचे आणि लाख चांगली धरणारे हे लाकूड काही मोठ्या वृक्षाचे नव्हे. झाड लहानखुरे, फांद्या बारीक. त्याचे दोन मीटर फेकून देण्याजोगे स्वस्त नाहीत, आणि उद्या अधिकच दुर्मिळ होतील. बारीक नाकाचे सेंटर असेल तर वाढीव भाग ५-६ मि. मी. वर आणता येतो. सेंटरची किंमत अशा रीतीने लाकडातून वसूल होते, आणि तीही लवकर.

येथे खरेदी करणाऱ्या यंत्रणांविषयी दोन शब्द बोलणे अप्रस्तुत ठरू नये. कारागिरांना यंत्रे व अवजारे पुरविण्याच्या याद्या कार्यालयांत बसून तयार होतात. यादीत लेथ असतो, मोटर असते, आणि शेवटी कोठेतरी ‘रिव्हॉल्विंग सेंटर, नग १’ एवढे लिहिलेले असते. पुरवठादार नग १ पुरवितो. तो लोखंडाच्या कामाचा असला तरी यादीशी तंतोतंत जुळतो, लेखापरीक्षणात त्रुटी निघत नाही, आणि कारागीर तो नग फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवून पुन्हा जुन्या अचल टोकाकडे व तेलाच्या वाटीकडे वळतो. मोर्सचा क्रमांक, घराचा व्यास, नाकाड्याची लांबी आणि टोकाचा प्रकार, एवढी चार मापे त्या ओळीत लिहिली तर खर्च वाढत नाही. ती मापे कातणाऱ्याला विचारूनच लिहावी लागतील, इतकेच.

केंद्र शासनाची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यात समाविष्ट असलेल्या १८ व्यवसायांत सुतार आणि पारंपरिक बाहुल्या-खेळणी बनविणारे हेही आहेत, व अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहनाची तरतूद आहे. अवजारे निवडण्याची वेळ येईल तेव्हा पटाशांच्या धारेइतकेच लक्ष या किरकोळ वाटणाऱ्या भागाकडेही दिले जावे.

राहिली वापरण्याची पद्धत. टेलस्टॉकचे चक्र आवळताना बळाचा मोह आवरावा. कडे लाकडात रुतले, काम हाताने फिरविल्यावर सेंटरही बरोबर फिरले, की पुरे. त्याहून जास्त दाब दिला तर बारीक काम धनुष्यासारखे वाकते, मध्यभागी जाडी कमी-अधिक कातली जाते आणि बेअरिंग तापते. लाटणे कातताना मधला भाग थरथरला तर पुष्कळ कारागीर आणखी आवळतात. वस्तुतः तेथे किंचित सैल करणे हाच उपाय असतो. दुसरीकडे, काम सुरू झाल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत लाकूड कड्याखाली दबते आणि पकड ढिली होते. म्हणून यंत्र थांबवून एकदा हलकेच चक्र फिरवावे व दांडा पक्का करण्याची कळ लावावी. मोटर चालू करण्यापूर्वी काम एक पूर्ण फेरा हाताने फिरवून ते रेस्टला कोठे लागत नाही ना, हे पाहावे. सैल बाही, गळ्यातला गमछा, साडीचा पदर, हातातले कडे यांना लेथजवळ स्थान नाही. बहुतेक सेंटरांचे घर स्थिर असते आणि नाकाडाच तेवढा फिरतो, परंतु काही प्रकारांत पुढचा सबंध डोकाच फिरतो. असे सेंटर असेल तर लाखेची कांडी धरलेली बोटे त्यापासून दूर राहतील याची दक्षता अधिकच घ्यावी.

आणि सर्वांत अधिक मोकळी जागा कोणते सेंटर देते? काढून ठेवलेले. काम हेडस्टॉककडच्या चकात किंवा कोरलेल्या लाकडी वाटीत घट्ट ठोकून बसविलेले असेल, तर आखूड वस्तूला टेलस्टॉकची गरज खडबडीत कात काढेपर्यंतच असते. लहान भिंगऱ्या, मणी, झाकणे ही या रीतीने सबंध आधाराशिवायही कातली जातात. भोवऱ्यातही तसेच करता येते. आकार पूर्ण झाला, टोकाजवळचा वाढीव भाग पेन्सिलीएवढा राहिला, लाखेचा हात फिरला, की यंत्र बंद करावे. बारीक दातांच्या करवतीने तो भाग कापावा, टेलस्टॉक मागे सरकवून बाजूला करावा, आणि मंद वेगाने, पटाशीची धार जेमतेम टेकवीत, शेवटचा मिलिमीटर उतरवावा. सेंटरचे बारीक भोक तेवढे राहू द्यावे. आर तेथेच जाणार आहे. मग पॉलिश कागदाचा एक हात, त्याच रंगाच्या लाखेचा एक ठिपका आणि केवड्याच्या पानाचे टोक.